चार तलंगा आणि बिनकागदाचा कुत्रा

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी सव्वादहा वाजता मी चार तलंगा एकूण नऊशे रुपयांना विकत घेतल्या. त्या वेळी हजर होते : मी, पत्नी सुनंदा, मुलगी ऋतुजा, शेजारचे अण्णा आणि आमची दोन कुत्री. खरेदीच्या बाजूने एक मत पडलं. ते माझं होतं.

तलंग म्हणजे वयात आलेली, पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या टोपल्या बांधून जो माणूस आमच्या जुळे सोलापूर भागात गावरान पक्षी विकत फिरतो, त्यानं मला हा शब्द शिकवला आणि लगोलग त्याचा भावही सांगितला.

"दीड महिन्यात अंडा देतील, साहेब. नाही दिला तर मला बोला."

"तुम्हाला कुठं गाठायचं?"

"मी येतोच की इकडून!"

(तो त्यानंतर इकडून आलेला नाही.)

मी एका टॉवेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळतो. ज्या गोष्टीची नोंद नाही ती झालीच नाही, असं माझं मत आहे. सुनंदाचं मत असं, की ज्या गोष्टीची मी नोंद ठेवायला घेतो ती पुढं कधीच नीट होत नाही. पण आकडे स्पष्ट होते. एक कोंबडी आठवड्याला तीन अंडी. चार कोंबड्या, बारा अंडी. आम्हाला लागतात दहा.

"उरलेली दोन अण्णांना देऊ," मी म्हणालो.

"अण्णांना विचारलंत?" सुनंदा म्हणाली.

अण्णा भिंतीवर हात टेकून उभेच होते. त्यांच्या घरी चार पिढ्या माग चालले, आता ते स्वतः निवृत्त आहेत आणि दिवसभर आमच्याकडे बघतात. "देशी असतील तर घेतो की," ते म्हणाले. "पण फुकट ना ओ?"

आता कुत्र्यांबद्दल. ब्रूनो हा लॅब्राडोर. आमच्या एका अधिकाऱ्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी तो मला दिला, सोबत प्लास्टिकची फाइल दिली. त्या फाइलीत ब्रूनोची जन्मतारीख, आईचं नाव, बापाचं नाव आणि दोन्हीकडच्या आजोबांची नावं छापलेली आहेत. (माझ्या आईच्या वडिलांचं नाव सांगताना मला क्षणभर थांबावं लागतं.) टिप्याचं तसं नाही. टिप्या पिवळा, एक कान उभा, एक पडलेला. ऋतुजा दहावीत असताना रस्ता रुंद करायला आलेल्या जेसीबीच्या चाकाखालून तिनं त्याला ओढून काढलं आणि दप्तरात घालून आणलं. त्याच्याकडे फाइल नाही.

कुत्री कोंबड्यांचं काय करतील याची सगळ्यांना धास्ती होती. पहिल्याच दिवशी ब्रूनो खुराड्याजवळ हुंगायला गेला. चौघींतल्या सगळ्यात बारक्या कोंबडीनं मान बाहेर काढून त्याच्या नाकावर एकच टोच मारली. चौतीस किलोचा लॅब्राडोर पलंगाखाली शिरला तो संध्याकाळच्या भाकरीलाच बाहेर आला. तिसऱ्या दिवसापासून ब्रूनोच्या ताटात आधी कोंबड्या जेवायच्या, मग ब्रूनो. टिप्यानं काहीच केलं नाही. तो लांब बसून बघत राहिला. मी वहीत नोंद केली : "टिप्या – शांत. (जरा जास्तच.)"

मे महिना आला. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून पटत नाही. मागच्या खिडकीला बाहेरून कूलर लावलेला. त्याच्या गवताच्या जाळीतून पाणी ठिबकायचं, तिथल्या ओल्या मातीत चारही कोंबड्या चोची उघड्या टाकून दिवसभर बसायच्या. दीड महिना संपला. अंडं नाही. उन्हाची सवलत म्हणून मी स्वतःहून आणखी दीड महिना वाढवून दिला. जूनच्या मध्यावर कूलर उतरवला, अंगणाच्या कोपऱ्यात ठेवला, वरून ताडपत्री टाकली. एका बाजूचं गवत कुजलं होतं म्हणून ती जाळी काढून टाकली. कुणी आठवण न करून देता मी केलेलं वर्षातलं हे एकमेव काम. त्यामुळे मला त्याचा अभिमान होता.

एक जुलैपासून स्वयंपाकघराच्या दारामागे तक्ता लागला. दोन रकाने : "अपेक्षित" आणि "प्रत्यक्ष". खुराड्यात टोपली, टोपलीत मऊ भुसा. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून टरफलं कुटून घालावीत, असंही त्या मोटारसायकलवाल्यानं सांगितलं होतं. आमच्या घरात अंडी लागतात आठवड्याला दहा, त्याची टरफलं कितीशी निघणार? मग कामावरून येताना मी भुर्जीपावच्या गाडीवर थांबून टरफलं मागू लागलो.

"भुर्जी नको?" गाडीवाला विचारायचा.

"नको. फक्त टरफलं."

तो पिशवी भरून द्यायचा आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हळूच डोक्याजवळ बोट फिरवायचा. मी ते पाहिलेलं नाही असं दाखवायचो.

पहिला आठवडा. अपेक्षित बारा, प्रत्यक्ष शून्य. कोंबड्यांचे तुरे लालभडक झाले होते. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक कोंबडी असा काही कलकलाट करायची, की अंडंच काय, जुळी झाली असावीत! मी चहा टाकून धावायचो. टोपली रिकामी. जाहिरात होती, माल नव्हता. मग मी तपासणी वाढवली. कामावर जाण्याआधी, आल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर. कोंबडी उचलायची, खाली बघायचं, पुन्हा ठेवायची.

"अहो, तिला जरा एकटं सोडा," सुनंदा म्हणाली. "माझ्या बाळंतपणात तुम्ही इतक्या वेळा आला नव्हतात."

दुसरा आठवडा. अपेक्षित चोवीस, प्रत्यक्ष शून्य. आता ही उशीर होण्याची गोष्ट राहिली नव्हती. ही तूट होती, आणि तुटीचं काय करायचं हे मला सव्वीस वर्षं ठाऊक आहे. स्टोअरमध्ये माल कमी पडला की आधी आकडा पक्का करायचा, मग मालाच्या जवळ कोण होतं ते बघायचं. आणि जवळ चार जण असतील तर ज्याचे कागद नाहीत त्याचा जेवणाचा डबा आधी उघडायचा. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. उघडत आलो, एवढंच सांगतो.

मी अंगणात नजर फिरवली. टिप्या कूलरला टेकून बसला होता. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशीही. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही, ताट तिथं न्यावं लागायचं. आणि चौथ्या दिवशी त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधोमध मला अंड्याचं अर्धं टरफल सापडलं!

मी ते चिमट्यानं उचललं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर चिठ्ठी लावली – वेळ, जागा, शोधणाऱ्याची सही – आणि कपाटात ठेवलं. रविवारी चौकशी बोलावली. अंगणात चार खुर्च्या मांडल्या. टिप्याला वाटलं पाहुणे येणार आहेत. तो शेपूट हलवत मधोमध येऊन बसला.

"बाबा, टरफलं तर तुम्हीच रोज पिशवी भरून आणता," ऋतुजा म्हणाली.

"ती मी कुटतो. हे अर्धं आहे, अख्खंच्या अख्खं!"

"अर्धं अख्खं?"

"विषय बदलू नकोस. अण्णा, तुम्ही दिवसभर भिंतीवर असता. तुम्ही काय पाहिलं?"

अण्णांनी विचार केला. "मी तुमाला पाहिलो की, सायेब. सकाळी साडेपाचला. कोंबडीच्या बुडाखाली ब्याटरी मारत होता."

"कुत्र्याबद्दल सांगा."

"कुत्रा पण तुमालाच बघत होता."

साक्षीदार फुटला होता, पण पुरावा भक्कम होता. ब्रूनोचं काय, असं सुनंदानं विचारलं. मी म्हणालो, ब्रूनो चांगल्या घरातला आहे. हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच ऋतुजानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी वही उघडून काहीतरी वाचल्यासारखं केलं. निकाल असा लागला : टिप्याची रवानगी कुंभारीला, सुनंदाच्या पार्वतीआत्यांच्या शेतावर. कायमची. अंडं खायची चटक लागलेला कुत्रा पुढं कोंबडी खातो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. (कुठं, ते आठवत नाही. नोंद नाही.)

सुनंदानं त्याचं ताट धुऊन पिशवीत घातलं. "न्या," ती म्हणाली. "पण याच्यानंतरही अंडं आलं नाही, तर पुढचा नंबर कुणाचा ते मी ठरवणार."

ऋतुजा खोलीतून बाहेरच आली नाही. मी टिप्याला स्कूटरवर पायाजवळ बसवलं. त्याला वाटलं फिरायला चाललोय. कुंभारीपर्यंत त्यानं तोंडावर वारा घेतला, आणि मधूनमधून मान वळवून माझ्या गुडघ्याला चाटत होता. मी गुडघा आत घेतला.

पार्वतीआत्यांना मी सगळं नीट समजावलं. "अंडीचोर आहे. बांधून ठेवा. कोंबड्यांपासून लांब."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "चोराला आमच्यात काय चोरायचं हाय? ऱ्हाऊ दे."

तिसरा आठवडा. अपेक्षित छत्तीस, प्रत्यक्ष शून्य. चोर गेला, तूट तशीच! शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मी साथीदार शोधू लागलो. एक-दोनदा ब्रूनोकडे रोखून पाहिलंही. पण त्याची फाइल आठवली आणि नजर खाली घेतली. ऋतुजा माझ्याशी बोलत नव्हती. काही सांगायचं असलं तर ब्रूनोला सांगायची : "ब्रूनो, तुझ्या मालकांना म्हणावं जेवण वाढलंय." सुनंदा बोलत होती, पण तिचं बोलणं ऋतुजाच्या न बोलण्यापेक्षा लांबचं वाटायचं. रोज रात्री दोघी फोनवर कुंभारीला विचारायच्या, "जेवला का?" तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी दिव्यांची अवस आली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. सुनंदा अंगणात समया घासत बसली होती. एकदम तिनं नाकाला पदर लावला.

"काहीतरी मेलंय."

मी गटार बघितलं. उंदराचं बीळ बघितलं. अण्णांच्या बाजूचं काही असेल असं सुचवलं. भिंतीवरून अण्णा म्हणाले, "आमचं काही नाही ओ. वास तुमच्या कूलरमधून येतोय. दोन दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी चौकशी बोलावली नाही."

मी ताडपत्री ओढली. काढून टाकलेल्या जाळीच्या जागेतून बारकी कोंबडी माझ्या तोंडावर किंचाळत बाहेर उडाली. आत, उन्हाळ्यातल्या त्याच गवतावर, एकावर एक, तांबूस, गोल, अंडी! नुसती अंडी! एक फुटलं होतं, वास त्याचा. मी एका हातानं नाक दाबलं आणि दुसऱ्या हातानं मोजली. सत्तेचाळीस. फुटलेलं धरून अठ्ठेचाळीस. तक्त्यावर चौथ्या आठवड्याचा अपेक्षित आकडा : अठ्ठेचाळीस.

माझा हिशोब एका अंड्यानंही चुकला नव्हता. फक्त कुत्रा चुकीचा धरला होता.

मी हे मोठ्यानं बोलायला नको होतं. विशेषतः पहिलं वाक्य.

ऋतुजा आत गेली आणि कपाटातली ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तिनं माझा पुरावा कूलरमधल्या अंड्यांशेजारी धरला. आमच्या कोंबड्यांची अंडी तांबूस. पुरावा पांढराफेक, आत कांद्याचा एक तुकडा वाळून चिकटलेला.

"भुर्जीवाल्याचं," सुनंदा म्हणाली.

कुणी हसलं नाही. टिप्या तिथं का बसायचा हेही मग न सांगता कळलं. कोंबड्या आत, गल्लीतली मांजरं भिंतीवर टपलेली, आणि मधे तो. ताडपत्रीखाली काय आहे ते त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं, स्टोअर सांभाळणाऱ्याला सोडून.

सुनंदानं बादलीत पाणी घेतलं. खराब अंडं तरंगतं, ताजं बुडतं. एकोणचाळीस तरंगली. आठ बुडाली. आठ चांगली! चार महिने वाट पाहिलेली, स्वतःच्या घरची! आणि उद्या श्रावण, म्हणजे पुढं कितीतरी दिवस घरात अंडं नाही.

"आजच्या आज ऑम्लेट करावं लागेल," मी म्हणालो.

सुनंदानं हात पुसले. "टिप्या घरी येईपर्यंत या घरात अंडं शिजणार नाही. श्रावण असो, नाहीतर नसो."

मी आठ अंडी पिशवीत घातली, ऋतुजाला मागं बसवलं आणि कुंभारी गाठली. टिप्या बांधलेला नव्हता. तो पार्वतीआत्यांच्या वीस-बावीस कोंबड्यांच्या मधोमध बसला होता, आणि एक पिल्लू त्याच्या पाठीवर उभं होतं. मी हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, आणि ऋतुजा दिसल्यावर असा सुटला, की पिल्लू हवेतच राहिलं! ती मातीत बसली, तो तिच्या मांडीत. मी आठ अंड्यांची पिशवी धरून उभा.

"आत्याबाई, माझी चूक झाली. कुत्रा न्यायला आलोय."

पार्वतीआत्यांनी तंबाखू मळली. "कोण, हवालदार? त्यो न्हाय मिळायचा, जावईबापू."

"हवालदार?"

"मग काय चोर म्हणायचं? एक दिस बांधला तुमच्या सांगण्यावरनं. दुसऱ्या दिशी मुंगूस आलं, दोरी तोडून त्याच्या मागं बांधापतुर गेला. तवापासनं एक पिल्लू गेलं न्हाय माझं. अन् अंडं म्हणाल, तर मी फोडून पुढ्यात ठिवलं की. हुंगतंय अन् तोंड फिरवतंय. त्येला आवडतच न्हाय!"

ऋतुजानं मान वर केली नाही. बरं झालं.

मी पैशाचं बोललो. आत्या हसल्या. "पैसं काय अंगणात उभं करू, मुंगसाला भ्या दाखवाया? हवालदार गेला की मुंगूस येणार. आल्यावर चार तरी न्हेणार. म्हणून म्हणते, तुमच्या चार आणून सोडा. त्यानं न्हेल्या तर तुमच्या न्हेल्या, माझ्या ऱ्हातील."

स्टोअरच्या भाषेत याला राखीव साठा म्हणतात. तो माझ्याच कोंबड्यांचा करायचा, ही कल्पना मात्र मला नवीन होती. "घरी विचारून सांगतो," म्हणत मी फोन लावला. सुनंदानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"दिल्या."

"अगं, निदान एकदा विचार तरी—"

"कुणाला विचारू? कोंबड्यांना?"

निघताना मी आठ अंडी पुढं केली. "ही खुडूक कोंबडीखाली ठेवा. पिल्लं निघतील."

"तुमच्यात कोंबडा हाय?"

"नाही."

"मग पिल्लं कशी निगतील, जावईबापू? तुमाला एक पोरगी हाय की!" आत्या इतक्या हसल्या, की टिप्या भुंकू लागला. ऋतुजा घरापर्यंत कॉलेजातल्या एका प्रयोगाबद्दल माझ्याशी बोलत आली. एवढं दोन आठवड्यांत बोलली नव्हती.

श्रावणाच्या पहिल्या सकाळी मी चार कोंबड्या कुंभारीला पोचवल्या आणि टिप्याला घेऊन आलो. पायाजवळ बसायला तो तयार होईना. मागच्या सीटवर बसला, माझ्या खांद्यावर पाय ठेवून, रस्त्यावर लक्ष ठेवत. घरी आल्यावर ब्रूनो त्याच्या गळ्यात पडला. मग स्वतःच्या ताटापाशी जाऊन उभा राहिला आणि आधी कोण जेवणार आहे म्हणून इकडंतिकडं बघू लागला.

श्रावण संपला, गौरी-गणपती झाले. मग सुनंदानं मला कुंभारीला पाठवलं. "आपल्याच कोंबड्यांची आणा," ती म्हणाली. मुंगूस अजून फिरकलं नव्हतं. चौघी धष्टपुष्ट झाल्या होत्या आणि चक्क टोपलीत अंडी देत होत्या.

"पंदराला एक," आत्या म्हणाल्या.

"आत्याबाई, कोंबड्या माझ्याच होत्या..."

"म्हणून तर सोळाचं पंदरा लावलं की!"

मी सहा घेतली. नव्वद रुपये पार्वतीआत्यांच्या हातात रोख मोजून दिले. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली, हातपाय धुऊन आलो. सुनंदा, ऋतुजा, दोन्ही कुत्री, सगळे ओट्यापाशी. पिशवीत पाच अंडी होती. ऋतुजानं पुन्हा मोजली. पाच. ब्रूनो मिशा चाटत होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टिप्यानंही.

"पाचच घेतली होती," मी म्हणालो.